झोपेतली ओ

दरवर्षी कॉलेज सुरू झालं की प्राचार्य मला नव्या मुलांपुढे उभं करतात. "या सरांकडे पाहा. दिवसभर कॉलेज, रात्री काम, पहाटे तालीम, आणि तरी पहिला वर्ग. तुम्हाला कसली अडचण आहे?" मुलं टाळ्या वाजवतात. त्यांतली काही जिनिंगमध्ये रात्रपाळी करून आलेली असतात, केसांत कापसाचे तंतू तसेच असतात. त्यांच्यापैकीच एखादा हमखास विचारतो, "सर, मग झोपायचे कधी?" सगळे हसतात. मीही हसतो आणि म्हणतो, "जमेल तेव्हा."

यंदा मी प्राचार्यांना नकार दिला. घसा बसलाय म्हणालो. घशाला काही झालेलं नव्हतं. त्या मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला चांगलं माहीत आहे. व्यासपीठावरून ते सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या भागात कॉलेज ही गोष्ट नवीन होती. बुलढाण्याला जाऊन शिकणारा आमच्या घरातला मी पहिलाच. वडील आणि मोठा भाऊ देऊळघाटच्या शिवारात आमची थोडकी जमीन कसायचे. फी सवलतीत माफ झाली होती, पण बुलढाण्यात खोली घेऊन राहणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. शिवाय धडधाकट पोरानं नुसतं पुस्तक धरून बसावं, हे आमच्याकडे कुणाला पटणारं नव्हतं. वडील म्हणाले, "शिक ना, कोण नाही म्हणते? पण हात रिकामे नको ठेवू."

म्हणून मी जागल धरली. जागल म्हणजे रात्री शेतात राहून उभ्या पिकाची राखण करणं. आमच्या शिवाराला लागून जंगल. भुईमूग भरायला लागला की रानडुकरं उतरायची, ज्वारी हाताशी आली की रोही, म्हणजे नीलगायी, यायच्या. एका रात्रीत ही जनावरं शेत लोळवून जात. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचं शेत मला राखायला मिळालं. मोबदला म्हणून खळ्यावर ज्वारी मिळणार होती. चार बल्ल्या रोवून त्यावर बांधलेला माळा, वर कडब्याचं छप्पर, एक घोंगडी, एक कंदील, बडवायला रिकामा डबा. तिथे मी रात्री राहायचो, आणि कंदिलाच्या उजेडात वाचायचो.

माझ्या शेताच्या एका अंगाला एका तरुण मळेवाल्याचा वांगी-मेथीचा मळा होता. तोही रात्री मळ्यातच असायचा. दुसऱ्या अंगाला नाला, आणि नाल्यापलीकडे जंगलाला टेकलेलं शेवटचं शेत. ते एका म्हाताऱ्याचं होतं. त्यांना मी आबा म्हणायचो. नात्यानं ते आमचे कुणी नव्हते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सरकारी रस्त्याच्या कामावर बाहेरगावी, घरात एक सून. आपल्या शेताची जागल ते स्वतःच करायचे.

आमच्या शिवारात हाळीची रीत होती. पुढचं सगळं त्या रीतीवरच उभं आहे, म्हणून ती नीट सांगतो. रात्रीतून अधूनमधून नदीकडच्या पहिल्या शेतातला माणूस हाळी द्यायचा, "जागं हाय काऽऽ?" शेजारचा ओ द्यायचा, "हाव जीऽऽ!" मग तो त्याच्या शेजाऱ्याला हाळी द्यायचा. अशी ती एकेका शेतातून पुढे सरकत मळेवाल्याकडून माझ्याकडे यायची, माझ्याकडून नाल्यापलीकडे आबांकडे. शेवटी आबा उलटी हाळी द्यायचे आणि ती आली तशी परत नदीकडे जायची. ओ आली की समजायचं, माणूस ठीक आहे. ओ आली नाही तर आणखी एकदा हाळी द्यायची. तरीही शांतता असली, तर "हाळी तुटली रेऽऽ" म्हणून ओरडायचं आणि काठी-कंदील घेऊन त्या शेताकडे धावायचं. साप चावलेला असेल, डुकरानं फाडलेला असेल, काहीही असू शकतं. म्हणजे मदत बोलावण्यासाठी ओरडायची गरजच नव्हती. तुम्ही गप्प राहिलात की माणसं येत.

सुरुवातीच्या दिवसांत एकदा मी असा गप्प राहिलो. दिवसभर कॉलेज झालं होतं, पहाटे तालमीत बैठका मारून मांड्या भरल्या होत्या. वाचता वाचता डोळा लागला. जाग आली ती तोंडावर पडलेल्या गार पाण्यानं. माळ्यावर मळेवाला उभा, हातात तांब्या. खाली दोघे-तिघे काठ्या घेऊन.

"अबे, आम्ही समजलो मेला," मळेवाला म्हणाला. "हा तं घोरून राह्यला!"

"कालेजात घोरायचंच शिकवतात काय रे?" खालून कुणी तरी विचारलं.

तेव्हापासून मळेवाल्यानं माझं नाव 'कालेजवाले' ठेवलं. कित्येक दिवस गावातून जाताना लोक मला पाहून घोरण्याचा आवाज काढायचे. शेताच्या मालकानं बोलावून, परत असं झालं तर दुसरा माणूस बघतो, असं सांगितलं. ती लाज माझ्या अंगात खोल शिरली. पुढे जे झालं त्याचं बी तिथे पडलं, असं मला वाटतं.

तालीम का सोडली नाहीस, असं कुणी विचारेल. तालीम बुलढाण्याला होती. झुंजूमुंजू होताच मी माळ्यावरून उतरायचो आणि कच्च्या रस्त्यानं धावत शहर गाठायचो. तोच माझा पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, लाल मातीत दोन-चार पकडी. वस्ताद मला तिथेच आंघोळ करू द्यायचे, कपडे-पुस्तकं ठेवू द्यायचे. तिथूनच मी कॉलेजला जायचो. पण खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. मला माझं शरीर आवडायला लागलं होतं. वर्गात शहरातली, चांगल्या घरची मुलं असायची, इंग्रजी बोलायची. त्यांच्यापेक्षा माझे खांदे रुंद आहेत, एवढीच एक गोष्ट माझ्याजवळ होती. ती मला सोडवत नव्हती.

सगळं जमत होतं. झोप तेवढी जमत नव्हती. ग्रंथालयात मोठं पुस्तक उभं धरून त्यामागे डुलकी काढायचो. एसटीची वाट पाहता पाहता उभ्यानं झोपायचो. एकदा कुस्तीत समोरच्यानं मला खाली दाबून धरलं होतं, तेवढ्यात मी झोपलो. वस्ताद म्हणाले, "चित झाला का झोपला, ते तरी सांग बे."

या सगळ्या दिवसांत मला धीर वाटायचा तो आबांचा. त्यांची हाळी इतरांसारखी कोरडी नसायची. परत जाणारी हाळी त्यांच्याकडून निघायची, आणि ती देताना ते हमखास काहीतरी जोडून विचारायचे.

"जागं हाय काऽऽ?"

"हाव जीऽऽ!"

"आज काय शिकलाऽऽ?"

"मोगलांची महसुलाची पद्धतऽऽ!"

"किती घे रेऽऽ?"

"तिसरा हिस्साऽऽ!"

"मंग डुकरं बरी! ते तरी इचारत नाही, मोजत नाहीऽऽ!"

मळ्यातून मळेवाला ओरडायचा, "अबे झोपा बे दोघं! डुकरं हसून राह्यली तिकडं!"

मी वाचलेलं नाल्यापलीकडे ओरडून सांगायचो. परीक्षेत ते आठवायचं. आबांच्या त्या प्रश्नावर मी बी.ए.चा अर्धा इतिहास पाठ केला, असं म्हटलं तरी चालेल.

एके दिवशी पहाटे रस्त्यावर मळेवाला भेटला. सायकलीला वांग्यांचं पोतं बांधून बाजाराला निघालेला. "काल मस्त ओ देऊन राह्यला होता रातभर," तो म्हणाला. "सुधरला बे तू."

मी चालायचा थांबलो. काल रात्रीचं मला काहीही आठवत नव्हतं. जेवून आडवा झालो होतो आणि थेट पहाटे उठलो होतो. त्या रात्री मी आबांना सहज विचारलं, "काल म्या ओ दिली का?" ते म्हणाले, "हाव. काऊन?" मी म्हटलं, "काही नाही."

मी झोपेत ओ देत होतो. एवढंच नाही, ओ देऊन पुढच्याला हाळीसुद्धा देत होतो. त्या पाणी मारलेल्या रात्रीची लाज अंगात अशी मुरली होती की कान जागे राहून तोंडाला कामाला लावत होते, आणि मी मात्र झोपलेला होतो. मला केवढा आनंद झाला! हरवलेली वस्तू सापडावी तसा. दिवसभर शिकणं, रात्री राखण, पहाटे व्यायाम, आणि आता त्यात झोपही बसली होती. मी कंदील लवकर विझवायला लागलो. घरून दुसरी घोंगडी आणली. डुकरांसाठी बांधावर दोरीला डबे टांगले, वाऱ्यानं ते आपोआप खडखडायचे. आधी कधी तरी लागणारी झोप आता मी ठरवून घेऊ लागलो. माझी तब्येत सुधारली. वर्गात डोळे उघडे राहू लागले. प्राध्यापक म्हणाले, आता तू लक्ष देतोस.

आबांचा "आज काय शिकलाऽऽ?" त्या दिवसांत कमी झाला. मी फक्त "हाव जी" म्हणायचो, पुढचं उत्तर यायचं नाही. त्यांना वाटलं असावं, पोरगा अभ्यासात आहे. त्यांनी विचारणं सोडलं.

ती रात्र सहामाही परीक्षेच्या दिवसांतली. देशी ज्वारीची कणसं भरली होती, थंडी पडायला लागली होती. तालुक्याच्या कुस्त्या जवळ आल्या होत्या, म्हणून वस्तादांनी सकाळी जास्त मेहनत करून घेतली होती. दुपारी पेपर झाला. संध्याकाळी घरी पिठलं-भाकर खाऊन मी शेतावर आलो, डबे तपासले आणि दोन्ही घोंगड्या घेऊन पडलो.

पहाटे उठलो. ताजातवाना. माळ्यावरून उतरलो आणि नेहमीप्रमाणे नाल्याकडे तोंड करून ओरडलो, "चाललो, आबाऽऽ!" तिकडून काही आवाज आला की नाही, ते ऐकायला थांबलो नाही. उलट दिशेला तोंड केलं आणि धावायला लागलो. त्या दिवशी मी चांगला धावलो. वस्ताद खूश झाले. पेपरही चांगला गेला.

संध्याकाळी गावाकडे येताना मळेवाला दिसला. बाजार करून रिकाम्या सायकलीनं येत होता. मला पाहून उतरला.

"काय कालेजवाले, आबाले पाहून आला का दवाखान्यात?"

"काऊन? काय झालं आबाले?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुले माहीतच नाही? बुढा माळ्यावरून पडला राती. शिडीचा दोर तुटला. पाय गेला पार खुब्यातून. सून भाकर घेऊन गेली सकाळी, तवा दिसला तिले. दवात पडून होता, थंड झाला होता. बैलगाडीत टाकून नेला बुलढाण्याले."

मी मागे, बुलढाण्याकडे वळून पाहिलं.

"पण तो तं तुले आवाज देऊन राह्यला होता," मळेवाला म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता. "एकदा नाही, लय खेपा. मले इतक्या दुरून बोल काही समजे ना. पण तू 'हाव जी' म्हणे, तेवढं ऐकू ये. म्या म्हटलं, चालू आहे दोघाचं, मोगलाचं. कूस बदलली अन् झोपलो." मग तो म्हणाला, "तू ओ दिली नसती तं म्या उठलो असतो ना. उठलोच असतो."

तो मला दोष देत नव्हता. स्वतःलाच समजावत होता. मग त्यानं विचारलं, "तू गेला नाही का मंग?"

"निघालो होतो," मी म्हणालो. "नाल्याले पाणी होतं."

हे वाक्य मी कुठून आणलं, मला माहीत नाही. ते तोंडात तयारच होतं, "हाव जी"सारखं. त्या दिवसांत नाल्यात घोटा बुडेल इतकंही पाणी नसायचं. मळेवाल्याला ते माहीत होतं, मलाही. तो सायकलीवर बसला आणि गेला. त्यानंतर त्यानं मला कधी कालेजवाले म्हणून हाक मारली नाही. नावानं बोलायला लागला.

सरकारी दवाखाना आमच्या कॉलेजपासून जवळच होता. वर्गाच्या खिडकीतून त्याची कौलं दिसायची. तरी मी पुष्कळ दिवस तिकडे गेलो नाही. परीक्षा आहे, असं स्वतःला सांगत राहिलो. परीक्षा संपली, मग कुस्त्या आहेत असं. कुस्त्यांत मी दुसरा आलो आणि बक्षिसाचा फेटा बांधून गावात आलो. त्या रात्री फेटा खुंटीला टांगला आणि झोपच येईना. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो.

आबांचा पाय दोरीनं ताणून वर बांधला होता. दोरीच्या टोकाला विटा लोंबकळत होत्या. सून उशाशी बसून त्यांना चमच्यानं पेज भरवत होती.

"आला का बाबू," आबा म्हणाले. "बस. कुस्त्या झाल्या का तुह्या?"

"झाल्या."

"जितला?"

"दुसरा आलो."

"दुसराही बरा. पहिल्याले सगळे पाहून राह्यतात, दुसऱ्याले खायले मिळते." ते हसले, मग खोकले. छातीत सर्दी बसली होती, ती दवातली.

मी म्हटलं, "आबा, त्या राती..."

"हाव, तू होता ना," ते लगेच म्हणाले. "तू होता म्हणून तं बरं. पडलो तवा पहिले तुलेच आवाज दिला. तू हाव म्हटलं. म्या म्हटलं, आला आता. मंग आला नाही. म्हटलं, कंदील शोधत असंन. परत आवाज दिला, तू हाव म्हटलं. म्हटलं, डुक्कर-बिक्कर आडवं आलं असंन. दर खेपी तू हाव म्हणे. म्हणून दुसऱ्या कोणाच्या नावानं म्या आवाजच नाही दिला. पोरगा येऊन राह्यला, म्हटलं, कायले अख्खं शिवार उठवायचं?"

सुनेनं त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी मान थोडी माझ्याकडे वळवली.

"आला काऊन नाही रे मंग?"

त्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. रात्रभर त्यांनी माझ्यासाठी एकेक कारण शोधलं होतं. आता खरं कारण काय होतं, ते विचारत होते. खरं सांगायला मी त्या क्षणी अगदी जवळ आलो होतो. तोंड उघडलं होतं.

"नाल्याले पाणी होतं, आबा."

सुनेचा हात पेजेच्या वाटीवर थांबला. त्या सकाळी डोक्यावर भाकर घेऊन तीच तो नाला ओलांडून गेली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आपल्या पायांकडे पाहिलं.

आबांनी विटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "असंन. वरून आलं असंन एखाद वेळी."

तेवढंच. मग मला विचारलं, आज काय शिकला. मी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला आता आठवत नाही, आणि आठवत नाही याचा मला फार त्रास होतो.

ते घरी आले, पण उभे राहिले नाहीत. ओसरीवर खाट टाकली होती, तिथे पडून असायचे. मी अधूनमधून जायचो. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. सून चहा ठेवायला आत जायची, तेवढा वेळ मिळायचा. पण ते तालमीचं विचारायचे, कॉलेजचं विचारायचे, आणि मी उत्तरं देत बसायचो. हाव, आबा. हाव. नंतर माझ्या लक्षात आलं, त्यांच्याशी बोलताना मी जागेपणीही तेच करत होतो. तोंड ओ देत होतं आणि मी तिथे नव्हतो.

माझा पहिला वर्ग आला. कॉलेजच्या संमेलनात त्या वेळच्या प्राचार्यांनी मला व्यासपीठावर बोलावलं आणि सांगितलं, हा मुलगा दिवसा शिकतो, रात्री शेत राखतो, पहाटे तालीम करतो. टाळ्या पडल्या. तीच गोष्ट आजपर्यंत चालत आली आहे. मला ही नोकरी देताना मुलाखतीतही तिचा उल्लेख झाला होता.

त्या संमेलनाच्या आधीच, पेरण्यांच्या तोंडावर, आबा गेले होते. छातीतली सर्दी शेवटपर्यंत सुटली नाही. तिरडीला खांदा द्यायला पुढे झालेल्यांत मी होतो. माणसं म्हणाली, याला पुढं घ्या, याचा खांदा मजबूत आहे. नदीपर्यंत कुणाला माझी जागा घ्यावी लागली नाही. सून दारात उभी होती. रडत नव्हती. तिला सगळं माहीत होतं आणि तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तिच्या त्या गप्प राहण्याचे मी आभार मानावेत की त्याला घाबरावं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

इथवर जे लिहिलं, ते मी बायकोला सांगितलेलं आहे. आता जे लिहितो ते तिलाही सांगितलेलं नाही.

मी झोपेत होतो, असं मी म्हणत आलो. स्वतःशीसुद्धा. पण त्या रात्रीचं मला एक दृश्य आठवतं. हिवाळ्यात आकाशात तीन ताऱ्यांची ओळ दिसते, तिला आमच्याकडे तिकांडं म्हणतात. म्हातारी माणसं त्यावरून रात्र किती उरली ते सांगायची. ती ओळ मला माझ्या पायांच्या वर, कडब्याच्या छपराच्या कडेला लागून दिसते. घोंगडीबाहेर एक अंगठा उघडा आहे आणि त्याला थंडी वाजते आहे. नाल्यापलीकडून आवाज येतो. हाळीचा लांब सूर नाही त्यात, साधा, जवळून बोलावं तसा. "ये बे, बाबू." आणि मी अंगठा घोंगडीत ओढून घेतो आणि म्हणतो, "हाव जी."

झोपलेल्या माणसाला तिकांडं दिसत नाही.

हे मला खरंच आठवतं, की नंतरच्या वर्षांत मीच ते जुळवलं, ते मी सांगू शकत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. कधी वाटतं, ते स्वप्न होतं. कधी वाटतं, उद्याच्या पेपरचा विचार करून मी नक्की तो अंगठा आत घेतला. थंडी अजून आठवते. स्वप्नात इतकी थंडी वाजते का, ते मी कुणाला विचारलेलं नाही.

आता जागल नाही. शेतही भावाकडे आहे. बुलढाण्यात घर आहे, गल्लीत दिवे आहेत, रात्री कुत्री सोडून कुणी ओरडत नाही. पण लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायको म्हणाली, "तुम्ही झोपेत कुणाला हाव जी हाव जी म्हणता?" आधी तिला गंमत वाटायची. ती मुद्दाम विचारायची, "उद्या माहेरी जाऊ का?" मी झोपेत म्हणायचो, "हाव जी." सकाळी ती पिशवी भरायला घ्यायची आणि हसायची. मग एका रात्री मी तिला सगळं सांगितलं, तिकांड्याचं सोडून. तेव्हापासून तिनं ती गंमत केली नाही.

मी तिला एकच मागितलं. मी झोपेत ओ दिली, तर मला उठवायचं.

"उठवून काय करू?" तिनं विचारलं.

"काही नाही. फक्त उठव."

ती उठवते. तिचीही झोप मोडते, तिला सकाळी शाळेत शिकवायला जायचं असतं, तरी उठवते. मी उठून बसतो. चपला शोधतो. कडी काढून बाहेर जातो, फाटकापर्यंत, आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहतो. कुणी नसतं. कधी एखादा रिक्षावाला सीटवर मुटकुळं करून झोपलेला असतो. तो नीट श्वास घेतोय ना, ते पाहून मी परत येतो.

काल रात्रीही गेलो होतो. परत आलो तेव्हा बायको जागीच होती. अंधारातून तिनं विचारलं, "कोणी होतं का?"

मी लगेच ओ दिली नाही. चपला काढल्या, पलंगाजवळ जाऊन तिच्या शेजारी बसलो, तिच्या दंडाला हात लावला, आणि मग म्हणालो, "नाही. कोणी नव्हतं."